ओटीवरचा मोर

आईची गंमत सांगते. माझी ताई कॉलेजतर्फे कलेचा इतिहास शिकायला इटलीला गेली होती. तिथून तिने व्हिडिओ कॉलवर एका चर्चमधली चित्रांची भिंत दाखवली. रंग ठिकठिकाणी उडाला होता.

आई म्हणाली, "गो, पोपडे सुटलेत सगळे! सारवून नवी चित्रं नाय काढत का ती लोकं?"

"आई, पाचशे वर्षांची आहेत ती! हात लावायलासुद्धा बंदी आहे."

"आमी तर दर दिवाळीला सारवतो."

ते ऐकून मला ओटीवरचा मोर आठवला. मागच्या दिवाळीत ताईने आमच्या ओटीच्या भिंतीवर मोर काढला होता. यंदा ती दिवाळीला घरी नसणार होती. निदान तिचा मोर तरी राहू दे, असं आईला सांगायचा मला धीर होईना.

दिवाळीच्या तोंडावर एके दिवशी शाळेतून आले, तर ओटीवर ओल्या शेणाचा वास. मान वर करवेना. शेवटी पाहिलं. सगळी भिंत सारवलेली होती, मोर तेवढा तसाच होता.

मी त्याच्या पिसाऱ्याकडे बोट नेलं, तोच आतून आई ओरडली, "ए, हात नाय लावायचा! बंदी हाय."