दोघांना पुरेल एवढं

इंटरनेटच्या तक्रार खिडकीपाशी, रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या.

“नेट फार रखडतंय हो.”

“आजी, तुमच्या वायफायवर दोन फोन दिसताहेत.”

“माझा एकच आहे. घरात मी एकटीच.”

“मग शेजारचं कुणीतरी फुकट वापरतंय. पासवर्ड बदला.”

“कालच बदलला की.”

“कुणाला सांगितलात?”

“कुण्णाला नाही. आमचे हे मला लाडानं जी हाक मारायचे, तीच ठेवली.”

“तरी आज सकाळी तो दुसरा फोन पुन्हा जोडला गेलाय. ती हाक आणखी कुणाला माहीत आहे?”

“ह्यांनाच. गेल्या वर्षी वारले ते.”

“...आजी, पासवर्ड बदला. आत्ताच्या आत्ता.”

“नको हो. तुम्ही स्पीड तेवढा वाढवून द्या. दोघांना पुरत नाही.”