चुलीजवळचा पाट

आजच्या समारंभाचे अध्यक्ष माननीय भगवंतराव, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, ज्यांना निरोप देणं आम्हां सर्वांनाच जड जातं आहे ते डॉक्टर विष्णुपंत खांबेटे, आणि बदलापूर-मांजर्लीच्या माझ्या बंधुभगिनींनो,

डॉक्टरांच्या विद्वत्तेविषयी अध्यक्षमहाराज बोलतीलच. मी पडलो शाळामास्तर. माझ्यापाशी आहे ती घरातली हकीकत. माझ्या वहिनी इंदुबाई यांनी मला आईमागे वाढवलं. त्यांना कित्येक वर्षांचा खोकला. आपल्याकडे खोकणाऱ्या माणसाला काय करतात? चुलीजवळ बसवतात! पावसाळ्यात तर आमचे दादा, धर्मराज, स्वतः वहिनींचा पाट चुलीकडे सरकवीत. एका आषाढात वहिनींचे पाय असे सुजले की जोडवी कापून काढावी लागली. बसल्या जागी धाप लागे. आम्ही मनातून हाय खाल्ली होती.

डॉक्टर चिखल तुडवत आले. मानेची फुगलेली शीर पाहिली, छातीला नळी लावली आणि म्हणाले, "आता दुखणं फुप्फुसावरून हृदयावर आलंय."

"खोकला छातीत, मंग काळजाला काय झालं?" दादा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांना गोठ्यात नेलं. बैलाच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, "हा घट्टा कशानं पडला?"

"जुवानं."

"तसंच आहे. धुरानं फुप्फुसातल्या वाटा आवळल्या. हृदयाच्या उजव्या बाजूला त्यातून रक्त ढकलायचं असतं. ओढ वाढली, तशी तिची भिंत जाड झाली. आता ती थकून सैल पडलीय, रक्त मागं तुंबतंय, म्हणून पाय सुजलेत. औषध मी देतो. जू तू उतरव. चूल पडवीत काढ."

"अवो, पन धूर गेला तं छपराच्या बांबूला कीड लागंल!"

"छप्पर दुसरं घालशील. हिला कुठून आणशील?"

दादा मटकन खाली बसले. "म्हंजे मीच तिला धुरात बसवली?"

डॉक्टर त्यांच्या शेजारी, शेणातच बसले हो! "माया केलीस रे. आता जरा लांब बसवून कर."

त्याच दिवशी चूल पडवीत आली. वहिनींची तक्रार एकच, "भावजी, आपल्याकडं काय शिजतंय ते सगळ्या गावाला दिसतं." हृदय पहिल्यासारखं होईल असं डॉक्टर तेव्हाही म्हणाले नाहीत, आजही म्हणत नाहीत. पण औषधानं सूज उतरली, आणि दादांनी नवी जोडवी घडवली. डॉक्टर, तुम्ही आमचं घर राखलंत. तुमच्याशिवाय हे गाव आम्हांला सुनं वाटणार आहे.

मंडळींचे आणि अध्यक्षांचे आभार मानतो. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. आणखी एक. सरस्वतीच्या तसबिरीपुढे आज उदबत्ती नाही, म्हणून काहींनी चिटणिसांना बोल लावला. त्यांना क्षमा असावी. उदबत्ती दादांनी विझवली. पहिल्या रांगेत वहिनी बसल्या आहेत. डॉक्टरांना हार त्याच घालणार आहेत.