नाव घ्यायचं राहिलं

नेरच्या बसस्टँडवर निशिगंधा यवतमाळच्या गाडीची वाट पाहत बसली होती. कापसाच्या गाड्यांमागून उडालेले पुंजके उन्हात तरंगत होते, खाली यायचं जणू विसरूनच गेले होते. मागच्या बाकावर एक म्हातारी आणि वकिली शिकणारी तिची नात बोलत होत्या.

"खुशी, तुह्या आबाले मीच एकोणीस महिने जेलात ठेवलं."

"काय बोलून राह्यली आजी! भाषण केलं म्हणून उचललं त्यायले. आणीबाणी होती ना."

"वकील तयार होता वं. म्हणे, माणूस कोर्टापुढं आणा असा अर्ज करतो, नवऱ्याचं नाव सांग."

"मंग?"

"उखाण्याबिगर नाव कसं घेऊ? नवी नवरी मी. अन् उखाणा काही जुळेच ना. लाजून उठून आली."

"आबाले सांगतलं का कधी?"

"तुहा बाप रांगाले लागला तवा ते घरी आले. तोंडच उघडलं नाई मंग. आता तं गेलेच."

"आजी, आईक. राष्ट्रपतीचा हुकूम निघालता. त्या अर्जाचा हक्कच बंद. शेवटी मोठ्या कोर्टानंही हात वर केले. तू नाव घेतलं असतं, तरी आबा सुटले नसते."

"खरंच?"

"माह्या पुस्तकात छापेल हाय."

यवतमाळची गाडी लागली. निशिगंधा उठली नाही.

मागून हलकेच, नव्या नवरीसारखा आवाज आला,

"कापसाच्या बोंडात ऊन साठवलं,
पुंडलिकरावांचं नाव आज कोर्टात पाठवलं."