रिकामी खुंटी

(मासळीच्या कोल्ड स्टोरेजमधला लांब बोळ, टोकाला बर्फाच्या खोलीचं जाड दार. भर दुपार, पण वीज गेली आहे आणि बाहेरचं शटर विजेवर चालणारं, त्यामुळे आत डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही असा अंधार. जेवणाच्या सुट्टीत रिकामे क्रेट न्यायला आलेल्या सासू-सून आत अडकल्या आहेत.)

सासू : हात लावू नकोस त्या दाराला!

सून : अहो आई, पण आतून कोणीतरी ठोकतंय.

सासू : ऐकलं मी, मला कान आहेत. मागे सर. आणखी मागे. ये, इथे क्रेटवर बस माझ्या शेजारी, आणि दाराकडे पाठ कर.

सून : पाईप वाजत असेल. आपल्याकडे नाही का, पाणी गेलं की पाईप खडखडतो?

सासू : मशीन बंद आहे, बाई. पाईप वाजायला त्यातून काही जायला नको? हीच वेळ असते तिची. एरवी मशीनच्या घरघरीत कोणाला काय ऐकू येतंय. वीज गेली की ती सुरू होते.

सून : ती म्हणजे?

सासू : तुला आधीच सांगायला हवं होतं. म्हटलं, पोरगी नवीन आहे, लग्नाला वर्ष नाही झालं, नोकरीला लागून आठवडा नाही झाला. घाबरून घरी बसली तर माझ्याच माथी खापर फुटायचं.

सून : आई, तुम्ही माझी गंमत करताय ना? हॉलमधल्या बायका नवीन मुलीला घाबरवतातच.

सासू : माझी मूठ बघ चाचपून.

सून : बापरे. मंगळसूत्र केवढं आवळून धरलंय.

सासू : मग? गंमत करणारी बाई असं धरते?

सून : परत ठोकलं! आई, परत!

सासू : हळू बोल. गाणं म्हण एखादं.

सून : आत्ता? गाणं?

सासू : आवाज आला की गाणं म्हणायचं, अशीच पद्धत आहे इथे. हॉलमध्ये आम्ही सगळ्या दिवसभर गात असतो, ते काय मासळी निवडताना आनंदाला उधाण येतं म्हणून होय?

सून : मला तर तेच वाटलं होतं. मी ह्यांना सांगितलंसुद्धा, किती हसतं-खेळतं वातावरण आहे म्हणून.

सासू : हसतं-खेळतं! तुझ्या नवऱ्याला विचार, लहानपणी इथे डबा द्यायला यायचा तेव्हा पायरीवर ठेवून पळत सुटायचा.

सून : आई, पण आत खरंच माणूस असेल तर? बाहेर काढायला नको?

सासू : आत माणूस नाही. त्याची खूण असते. दाराशेजारी ती खुंटी आहे ना? बर्फाच्या खोलीत जाणाऱ्याने तिथला जाड कोट घालायचा आणि आपलं काहीतरी, स्वेटर म्हण, शाल म्हण, खुंटीवर टांगून जायचं. परत आलं की काढून घ्यायचं. खुंटीवर काही असलं म्हणजे माणूस आत आहे. काही नसलं म्हणजे आत फक्त मासळी. अंधार झाल्या झाल्या मी चाचपून बघितली. रिकामी आहे.

सून : रिकामी.

सासू : आणि खुंटी रिकामी असताना ठोका आला, तर तो तिचा. दार उघडायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. नियमच आहे तो. काय गं, वळतेस कशाला?

सून : काही नाही. आई, ती... ती कोण होती?

सासू : आत्ता नको ते. बाहेर उजेडात सांगेन.

सून : आत्ताच सांगा. मला कळायला हवंय.

सासू : माझी आई इथे होती कामाला, तेव्हाची गोष्ट. तेव्हा हा बर्फाचा कारखाना होता. बायका लाद्यांवर भुसा पसरायच्या. तिच्या टोळीत एक बाई होती, मोठी बडबडी. तोंडाचा पट्टा नुसता सुरू. एका संध्याकाळी माल भरून झाला आणि मुकादमाने दार लावलं. ही मागच्या रांगेत राहिली होती, ते कोणाच्या ध्यानात आलं नाही.

सून : मग?

सासू : मग ठोके सुरू झाले. बायका बाहेर हातपाय धूत होत्या. मुकादम म्हणाला, पाईप वाजतायत. मालकाची सक्त ताकीद होती, माल भरला की सकाळपर्यंत दार उघडायचं नाही. उघडलं की लाद्या सुटतात, नुकसान होतं. तो म्हणाला, ऐकू नका तिकडे, गाणी म्हणा.

सून : आणि म्हटली त्यांनी?

सासू : म्हटली.

सून : आई!

सासू : माझ्यावर कशाला ओरडतेस? मी पाळण्यात होते तेव्हा.

सासरे (आतून, दबलेला आवाज) : सू... बाई...

सून : आई! मला हाक मारली!

सासू : ओ देऊ नकोस! तोंड दाब. देवा, देवा, पोरीवरच नजर गेली मेलीची. ओ दिली की घेऊन जाते ती!

सून : ‘सूनबाई’ म्हणालं कोणीतरी. इथे मला सूनबाई फक्त बाबाच म्हणतात.

सासू : तेच तर! आपल्याच माणसाच्या तोंडचं उचलते ती. एकेकीला नावाने हाका मारते. माझ्या आईला तिच्या माहेरच्या नावाने मारायची. त्या नावाने तिला ह्या गावात कोणी ओळखतसुद्धा नव्हतं.

सून : आणि ती बाई? ती ओळखत होती ते नाव?

सासू : ती ओळखणारच. दोघी एका ताटात जेवायच्या.

सून : म्हणजे आई, ती भूत झाल्यावर हाका मारायला नाही लागली. त्या संध्याकाळीच मारत होती. जिवंत असताना. आत उभी राहून एकेकीचं नाव घेत होती, कोणीतरी ओ देईल म्हणून.

सासू : गप्प बस.

सून : आणि तुमच्या आईंनी ते ऐकलं होतं.

सासू : गप्प बस म्हणते ना! सकाळी दार उघडलं तेव्हा तिची म्हातारी आई आली होती. एकीएकीपुढे उभी राहून विचारत होती, तुम्हाला ऐकू आलं नाही का गं? सगळ्यांनी एकच सांगितलं. नाही आलं. माझ्या आईनेही. नंतर खुंटी ठोकली, पुन्हा असं होऊ नये म्हणून. आणि वीज गेली की ठोके ऐकू यायला लागले. खुंटी रिकामी असतानाही.

सून : बाबा कुठे आहेत?

सासू : असतील आवारात, ट्रकवाल्याशी हुज्जत घालत. तापमान बघायचं काम आहे त्यांचं, पण जगाचा न्याय करायची हौस. त्यांचं काय मधेच?

सून : आई, आपल्या सगळ्यांचे निळे स्वेटर सारखेच असतात ना?

सासू : कंपनीचे आहेत, सारखेच असणार. ही काय वेळ आहे स्वेटरची?

सून : माझा अजून मिळाला नाही मला.

सासू : मिळेल गं. तोवर तो कोणाचा तरी घातलायस ना, मघाशी हाताला लागला माझ्या.

सून : तो मी इथून घेतला. जेवणाच्या सुट्टीआधी इकडून जाताना. अंगात नुसती हुडहुडी भरली होती. मला वाटलं, कोणीतरी वापरायला ठेवलाय.

सासू : इथून म्हणजे कुठून?

सून : त्या खुंटीवरून.

सासू : काय म्हणालीस?

सून : मला माहीत नव्हतं, आई! खुंटीचं मला कोणी सांगितलंच नाही! आणि दार... दाराला लाकडाचा ठोकळा लावून ते थोडं उघडं ठेवलं होतं. मी ठोकळा काढला आणि दार नीट लावून घेतलं. तुम्हीच म्हणाला होतात ना, दार उघडं दिसलं की लावायचं, गारवा जातो म्हणून?

सासू : हात दे इकडे. डावा. कोपर दाखव.

सून : अंधारात काय दिसणार आहे?

सासू : दिसायला कशाला हवं. हे रफू माझं आहे.

सून : म्हणजे?

सासू : निळा दोरा संपला होता, म्हणून जाड काळ्याने केलं. सकाळी त्यावरून भांडले मी. म्हटलं, टाका ते फडकं, नवीन मागून घ्या. तर म्हणतात कसे, ह्यात ऊब आहे. अहो! अहो, ऐकताय का? आत तुम्ही आहात का?

सून : आई, दार! आधी दार!

सासू : थांब... जरा थांब गं. ती असली तर? ठोके थांबलेत बघ. का थांबले?

सून : दमले असतील! आतली कडी महिनाभर बिघडलीय, हॉलमध्ये रोज तेच तर चाललेलं असतं. मदतीची घंटी विजेवरची. ते दुसरं काय करणार? उठा, आई. माझ्या एकटीने हा दांडा हलत नाहीये. मला भीती वाटत नाही असं समजू नका. मी रडतेय. पण उठा!

सासू : आले. धर. दोन्ही हातांनी धर. खाली नाही, आपल्याकडे ओढ. रबर चिकटलंय मेलं. अहो! ओ! ओ, ओ, ओ! आलो आम्ही! ऐकताय ना? ओ!

सून : हललं!

सासू : पाय लाव भिंतीला. ओढ. आणखी. माझ्या कमरेचं काय व्हायचं ते होऊ दे, तू ओढ.

सून : उघडलं! बाबा? बाबा, कुठे आहात?

सासू : खाली चाचप, दाराशीच. अगं बाई गं. बसलेत. धर खांद्याला. बाहेर घे आधी त्यांना. मिशीला बर्फ लागतोय हाताला. अहो, बोला काहीतरी. ऐकताय ना?

सासरे : ऐ... ऐकतोय. तू क... कशाला ओरडतेस?

सासू : ओरडू नको तर काय करू? हात द्या इकडे, चोळते. पोरी, तो स्वेटर काढ, त्यांच्या पायांना गुंडाळ. ठोकळा लावून आत जायची तुमची ही सवय! किती वेळा सांगितलं, एकट्याने जाऊ नका.

सासरे : ठो... ठोकळा काढला कोणीतरी.

सून : मी काढला, बाबा. माझ्याकडून झालं. स्वेटरही मीच नेला.

सासरे : कळलं मला. दार लावताना तू काहीतरी गु... गुणगुणत होतीस. म्हणून तुलाच हाक मारली. पोरगी आहे जवळपास, म्हटलं. येईल.

सून : बाबा, मला माफ करा.

सासरे : रडू नकोस. जिवंत आहे की मी. बोटांना तेवढं काही कळत नाहीये. आणि तुम्ही दोघी? तुम्ही आत्ता आलात होय?

सून : नाही, बाबा, आम्ही...

सासू : आम्ही मघापासून इथेच बसलोय. ह्या क्रेटवर.

सासरे : इथेच? अगं, मी हात बधिर होईस्तोवर ठोकत होतो. हाका मारल्या. तुम्हाला ऐकू आलं नाही का?

सून : आवाज फार दबका येत होता बाबा, आम्हाला वाटलं...

सासू : तू थांब. मला विचारलंय त्यांनी.

सासरे : बरं, जाऊ दे. नसेल आलं ऐकू.

सासू : आलं. पहिल्यापासून ऐकू आलं.