दाराच्या कडीला पिशवी

औषधांच्या दुकानात माझ्या पुढे एकच गृहस्थ होते, पण काउंटरवरच्या बाई काही त्यांची पिशवी सोडेनात.

“एक तारखेपासून नुसत्या चिठ्ठीवर गोळ्या नाहीत, दादा. आईंना आणायचं. मागच्या खोलीत आम्हीच बीपी बघणार, साखर बघणार, मग गोळ्या.”

“तिचे गुडघे दुखतात हो.”

“मग आम्ही घरी येऊ. आज एवढा फॉर्म भरू. वजन किती त्यांचं?”

“असेल... पन्नास?”

“चक्कर येते?”

“तसं काही बोलली नाही.”

“शेवटचं कधी बोलल्या?”

“बाई, मागे रांग आहे.”

“असू दे. गोळ्या त्यांच्या हातात कोण देतं?”

“मी पिशवी दाराच्या कडीला अडकवतो. ऑफिसला जाताना.”

“बरं. पत्ता?”

“माझाच लिहा. फक्त दुसऱ्या मजल्याच्या जागी तळमजला.”

“बेल बिघडलीय का त्यांची?”

“नाही. घरात भांड्याला भांडं लागलं, तेव्हापासून बोलणं बंद आहे.”

“मग रोज जाता-येता समोर येत असतील की.”

“दबक्या पावलांनी उतरतो मी. तिला कळतही नाही.”

“काल इथे आल्या होत्या त्या. काठी टेकत.”

“आई? कशाला?”

“तुमची चौकशी करायला. म्हणाल्या, ‘माझा मुलगा स्वतःच्या बीपीच्या गोळ्या वेळेवर नेतो ना? हल्ली जिना उतरताना त्याचं पाऊल फार हळू पडतं.’”