रुपराव साहेबांचा निरोप आणि जुन्या जनरेटरचं कुलूप

समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाचे ज्येष्ठ विश्वस्त माननीय दत्तोपंत देशकर साहेब, व्यासपीठावरील इतर विश्वस्त, आज निवृत्त होणारे आमच्या विद्युत विभागाचे प्रमुख आणि सत्कारमूर्ती रुपराव बोंदरे साहेब, वहिनी, आणि समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

मी भावना मेश्राम, विद्युत विभागाची सुपरवायझर. साहेबांबद्दल मीच बोलावं, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, कारण मी त्यांच्याच हाताखाली घडले. खरं आहे ते. मी नवीन असताना ठेकेदाराची माणसं मलाच विचारायची, मॅडम, वायरमन कुठं आहे? साहेब गरजायचे, "ह्याच मॅडम हायेत! काम करा, नाहीतर निघा गा!" हसा, हसा. साहेबही हसून राहिले.

त्यांनी मला पहिला धडा दिला तो कुलपाचा. कशालाही हात लावण्याआधी वीज बंद करायची, स्विचला आपलं कुलूप घालायचं, चावी आपल्याजवळ ठेवायची. "ज्याचं कुलूप, त्यानंच काढावं. देव आला तरी चावी देऊ नको वं." हे वाक्य मी माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला शिकवलं.

आता थोडं जुन्या जनरेटरविषयी. त्याच्या भरवशावर किती ऑपरेशनं पार पडली, हे डॉक्टर मंडळी जाणतात. या उन्हाळ्यात तो काढायचं ठरलं. खरं तर आधी ज्यांच्यावर तो सुरू होतो त्या बॅटऱ्या सोडवायच्या, डिझेल उपसायचं, मग केबलला हात लावायचा. पण साहेब म्हणाले, बॅटऱ्या दुपारून पाहू, केबलपासून सुरू करा. साहेबांचा शब्द! मी जनरेटरच्या मेन स्विचला कुलूप घातलं, चावी गळ्यातल्या दोऱ्यात अडकवली आणि स्टोअरला गेले. ठेकेदाराचा वायरमन दुर्गेश भिंतीपलीकडच्या पॅनलमध्ये केबल सोडवायला बसला.

साहेबांच्या मनात मशीनला निरोप द्यायचा होता. दर खंडेनवमीला आपण त्याची पूजा केली, मग असंच भंगारात कसं द्यायचं? हार घालावा, नारळ फोडावा, एकदा शेवटचं चालवून त्याच्यावर दिवे लावावेत, विश्वस्तांनी पाहावं. किती प्रेमाची गोष्ट! फक्त मध्ये माझं कुलूप होतं. मला एक हाक मारली असती, तर मी धावत आले असते.

मशीन सुरू झालं, दिवे लागले, टाळ्या पडल्या आणि भिंतीपलीकडून दुर्गेश ओरडला.

जीव वाचला त्याचा. उजवा हात जळला, बोटं अजून मुडपत नाहीत. त्या संध्याकाळी साहेब मला म्हणाले, "कुलूप मीच तोडलं वं भावना. चुकलं माझं." साहेब, त्या दिवशी मी तुम्हाला मनातून माफ केलं होतं. चूक कोणाच्या हातून होत नाही?

पण चौकशीत तुम्ही काय सांगितलं? कुलूप लावलंच नव्हतं. पोरानं न पाहता हात घातला. माझ्यासमोर सांगितलं, माझ्याकडे पाहून! तुटलेलं कुलूप तोवर मशीनसोबत भंगाराच्या गाडीत गेलं होतं. मले रडूसुद्धा आलं नाही. तुम्ही मले कुलूप लावायले शिकवलं साहेब, आणि मलेच खोटं पाडलं. हा विश्वासघात आहे. सत्काराच्या दिवशी बोलू नये, पण दुसरा दिवस तुम्ही ठेवला कुठं?

अध्यक्ष महोदय, ठेकेदारानं निष्काळजी म्हणून दुर्गेशला घरी बसवलं आहे. चौकशी तुमच्यापुढं आहे. साहेब आज गेले की ती मिटेल, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

दुर्गेश मागं कूलरजवळ बसला आहे, कामठीहून आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. मघाशी दारात मला म्हणाला, "ताई, तुम्ही म्हणता कुलूप होतं. साहेब म्हणतात नव्हतं. त्या दिवशी साहेबानं मले उचलून आत दवाखान्यात नेलं होतं, ते खोटं काहून बोलतील?"

आपण मला बोलायची संधी दिलीत, शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मी आभारी आहे. लहान तोंडी मोठा घास घेतला, कोणाचं मन दुखावलं असेल तर पदरात घ्या.

दुर्गेशनं हार आणला आहे. डाव्या हातानं घालावा लागेल, वेळ लागेल. साहेब, मान वाकवण्याआधी त्याले तेवढं सांगा, कुलूप होतं का नव्हतं.