हवा कुणाच्या बापाचं ऐकते?

तुम्हाला सांगतो, गरम वस्तू गार करण्यात या घरात माझा हात धरणारा कुणी नाही, आयुष्यभर चहा फुंकून पितोय... जीभ रोज भाजते, ते सोडा! पण सूनबाई मला विचारेल तर शपथ. ती कारखान्यात चार्जर बनवते. त्या चार्जरच्या पोटात एक तापट तुकडा, त्याच्या पाठीला ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा, त्याला म्हणायचं हीटसिंक, आणि पुढ्यात वारा घालायला पंखा. सोपं ना? कसलं सोपं! आधीचे दोन चार्जर जळाले. आता तिसराही जळला तर तिच्या अख्ख्या विभागाला कुलूप! म्हणून ठोकळा बनवायच्या आधीच ठरवायचं, गार राहील का. कुठल्या रीतीनं ठरवायचं? रीती तीन, आणि एकीला झाकावं नि दुसरीला काढावं!

पहिली, कागदावरचं सूत्र. चहा उकळायच्या आत उत्तर हजर. पण ते धरून चालतं की पंख्याची सगळी हवा शहाण्यासारखी पात्यांच्या फटींतूनच जाणार. सूनबाई म्हणते, "बाबा, वरती मोकळी जागा आहे, हवा तिथून पळते." पळणारच! सताड उघडं दार सोडून तुम्ही फटीत शिराल? हवा कुणाच्या बापाचं ऐकते का!

दुसरी रीत मधली. नळाला फाटे फुटले की पाणी वाटलं जातं ना, तशी हवा वाटायची, फटींत किती, वरून किती. सूनबाईचा जीव हिच्यावर. तेवढ्यात साहेबांचा फोन, नाकातून बरं का, "मॅऽडम, यात रंगीत चित्र कुठंय? गिऱ्हाइकाला लाल-निळं दिसलं पाहिजे!" अहो, गिऱ्हाईक चार्जर घेतंय की चादर? "आणि पंखा भरपूर हवा देतो असं खोक्यावर छापलंय की!" छापलंय, पण मोकळ्यावर! पेटीत कोंडला की त्यालाही धाप लागते, माझंच बघा ना, लग्नाआधी मी जिने धावत चढायचो... जाऊ द्या. हवा कुणाच्या बापाचं ऐकते का!

मग काय, साहेबांच्या हौसेखातर तिसरी. हवेचे लाखो तुकडे करायचे नि एकेकाला विचारायचं, "तू कुठं निघालास रे बाबा?" कॉम्प्युटर कधीपासून हेच विचारतोय, घुर्रर्र... घुर्रर्र... सूनबाई जेवत नाही, चिरंजीव बोलत नाहीत, मी नुसता खाकरलो तरी दोघं डोळे वटारतात! आज संध्याकाळी चित्र भरत आलं, इकडं निळं, तिकडं लाल, आणि... फट्! पडदा काळाठिक्कर. काय झालं? कॉम्प्युटर तापला! दुसऱ्याचा ताप मोजता मोजता स्वतःच आडवा! मी खो खो हसलो. मग तिचे डोळे पाहिले, आणि वर्तमानपत्र शोधायला उठलो हो.

निम्मं काम वाचलंय म्हणे. आता पुन्हा लावलाय. पुन्हा तापला तर उद्या साहेबांपुढं ही रिकाम्या हातानं उभी. म्हणून मी घडी घातलेलं वर्तमानपत्र घेऊन कॉम्प्युटरला वारा घालत बसलोय, तर वारा त्याला सोडून माझ्याच टकलाला लागतोय! हवा कुणाच्या बापाचं ऐकते का!

तरी म्हटलं, पोरीला धीर द्यावा. "सूनबाई, तू काळजी करू नकोस, गार करण्याचं कसं असतं, मी तुला पहिल्यापासून समजावतो..."

मान वर न करता म्हणाली, "बाबा, तोंडाची वाफ दवडू नका. खोली तापतेय."